दहीहंडी कशी पाहावी : गॅलरीतल्या गोविंदांसाठी मार्गदर्शिका

हंडी फोडणाऱ्यांना प्रशिक्षक असतात. गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो आणि मग रोज रात्री, कामावरून सुटल्यावर, मैदानात सराव चालतो. हंडी बघणाऱ्यांना मात्र कोणी वाली नाही. बिचारे कसलाही सराव नसताना गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी थेट गॅलरीत उतरतात आणि दुपारपर्यंत घसा बसवून घेतात. या उपेक्षित वर्गासाठी, आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकांच्या प्रदीर्घ साधनेवरून, हे नियम सिद्ध केले आहेत.

जागा. गॅलरी हंडीच्या उंचीवर असावी. म्हणजे सगळ्यात वर चढणाऱ्या एक्क्याच्या डोळ्याला डोळा भिडवून "घाबरू नकोस रे!" असं ओरडता येतं. ओरडणाऱ्याच्या हातात चहाचा कप असल्यास धीर अधिक पोचतो.

पाणी. वरून पाणी टाकताना बादली सोडू नये.

मोजणी. थर मोठ्याने मोजावेत आणि चुकीचे मोजावेत. काका नेहमी एक थर कमी मोजतात आणि "छे, सातच लागले!" म्हणून पथकाचा अपमान करतात. कारण साधं आहे: तळाचा थर गर्दीत बुडालेला असतो, तो वरून दिसतच नाही. मोजणी जमिनीपासून करायची असते. हे त्यांना सांगू नये. आम्ही सांगून पाहिलं आहे.

इतिहास. दोन पथकांच्या मधल्या वेळात शेजाऱ्यांना इतिहास ऐकवणं बंधनकारक आहे. 2012 साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून 43.79 फुटांचा गिनेस विक्रम केला, 2014 साली उच्च न्यायालयाने 20 फुटांची मर्यादा घातली, 2017 साली ती उठली पण चौदा वर्षांखालच्या मुलांना चढवायला बंदी राहिली, आणि 2025 साली ठाण्यातच दहा थर लागले. एवढं सगळं अचूक सांगून झाल्यावर "पण आमच्या गिरगावात याहून उंच लागायचे" हे वाक्य जोडावं. पुरावा कोणी मागत नाही.

मोबाइल. हा नियम लिहिताना शास्त्रीय भाषा टिकत नाही. एक्का चढायला लागला की सगळे मोबाइल वर. हंडी फुटली तर ठीक, पण थर कोसळले तर रील जास्त चालते, म्हणून कोसळण्याची वाट बघणारेही असतात. मग तो व्हिडिओ संथ गतीने, वर एखादं रडकं गाणं लावून, गावभर फिरतो. खाली कोणाचं मनगट मोडलं, हे त्यात नसतं. लाज वाटायला हवी, खरं तर.

परदेश. काकांना यूट्यूबवर कातालोनिया सापडलं आहे. तिथेही माणसांचे मनोरे लावतात आणि युनेस्कोने 2010 साली त्या परंपरेला आपल्या यादीत घेतलं. "बघा, त्यांची कदर होते!" या शीर्षकाखाली काका ते व्हिडिओ पहाटे पाठवतात. तिथे वर चढणाऱ्या पोरांच्या डोक्यावर हेल्मेट असतं. आणि बघायला आलेली माणसंही तळाच्या गर्दीत घुसून आधार देतात, म्हणजे वरून कोणी पडलं तर माणसांवर पडतं. हा भाग काका अजून पुढे पाठवत नाहीत, कारण मग गॅलरी सोडावी लागेल.

एका बाबतीत मात्र काका पक्के शास्त्रशुद्ध आहेत. पथक नुसती सलामी देवो नाहीतर हंडी फोडो, एक्का वर पोचला की अख्खी गल्ली टाळ्या पिटते. काका पिटत नाहीत. थर लावण्याइतकंच ते उतरवणं अवघड असतं. वरच्याने घाईत पाय टाकला की मधला खांदा सुटतो, आणि तोवर तळातली माणसं मान खाली घालून, हनुवटी छातीला लावून तशीच उभी असतात. वर काय चाललंय ते त्यांना दिसतही नाही. शेवटचा माणूस जमिनीवर आला की मग काका कप कठड्यावर ठेवतात आणि टाळी वाजवतात.

वाचकहो, बाकीचे नियम मोडलेत तरी चालतील, हा एवढा पाळा. आणि पाणी द्यायचंच असेल तर वरून ओतू नका, खांदे निसरडे होतात. कळशी घेऊन खाली जा आणि आधी तळातल्या माणसाला प्यायला द्या.