रविवारी येताय ना, वहिनी?

कढीपत्ता तोडा हो हवा तेवढा, पण जरा थांबा. रविवारी शाळेत दारूच्या दुकानाच्या मतदानाला येताय ना? आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू!

काय म्हणता, तुमच्याकडे कुणी थेंबाला शिवत नाही, मग उन्हात कशाला जायचं? अहो, हेच म्हणून पलीकडच्या गावच्या बाया घरी बसल्या आणि दुकान राहिलं जिथल्या तिथं. आलेल्या बायकांत नव्हे, यादीतल्या सगळ्या बायकांत निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. म्हणजे तुम्ही घरी पापड लाटत बसलात तरी मत उभीलाच. पुण्याला गेलेल्या सुना, अंथरुणाला खिळलेल्या आज्या, सगळ्या त्या यादीत. हे मतदान मिळावं म्हणून 25 टक्के बायकांच्या सह्या गोळा करताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला, ते वेगळंच.

बंदीनं काय होतं, असं तुमचे हे पारावर विचारत होते म्हणे. थोडं खरं आहे त्यांचं. आमच्या जाऊबाई चंद्रपूरच्या. तिकडच्या बायका 2010 साली चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत चालत गेल्या, तेव्हा कुठे 2015 च्या 1 एप्रिलला जिल्ह्याची दारू बंद झाली. शेजारचे वर्धा, गडचिरोली आधीपासून कोरडेच. आणि 2021 मध्ये सरकारनं उठवली बंदी! का, तर चोरटी दारू नि गुन्हे वाढले. जाऊबाई सांगतात, पहिलं वर्ष संध्याकाळी गल्ली गप्प असायची, मग दुधाच्या कॅनमधून यायला लागली.

पण विषारी दारू बंदीमुळेच येते, हे काही मला पटत नाही. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली. मिथेनॉल होतं त्यात, डोळेसुद्धा जातात त्यानं. तिथे कुठे होती बंदी? परवान्याची दुकानं होतीच की. गरिबाला स्वस्त पडते ती प्यायली त्यांनी.

मला धास्ती वेगळीच आहे. आमचे थोरले दीर. निवडणुकीत दुकानं बंद होती ना, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातातली बशी अशी खडखडायला लागली, चहा सगळा धोतरावर. रात्री चादरीवरच्या मुंग्या वेचत बसले. एक मुंगी नव्हती हो तिथे! दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रोज पिणाऱ्यानं एकदम सोडायची नसते, औषधं घेत सोडायची. नाहीतर झटके येतात, जीवही जातो.

म्हणून सरपंचांना सांगितलंय, दुकानाला कुलूप लागेल त्या आठवड्यात आरोग्य केंद्रातले डॉक्टर गावात हवेत. ‘बघू’ म्हणाले. त्यांचं बघू तुम्हाला माहीतच आहे, उद्या परत जाते.

बरं, चिठ्ठीवर दोनच चित्रं असतात, उभी नि आडवी. चष्मा नि ओळखपत्र विसरू नका. आणि सासूबाईंचंही नाव यादीत आहे, त्यांच्यासाठी रिक्षा मी सांगते.