कृपया सूचना वाचावी

आमच्या सोसायटीत सूचना कोणी वाचत नाही. सेक्रेटरी या नात्याने गेली नऊ वर्षं मी जिन्याखालच्या फळ्यावर ‘उद्या टाकी धुणार, पाणी येणार नाही’ असं ठसठशीत अक्षरांत लावतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला अंगाला साबण फासलेले सभासद इंटरकॉमवर मला विचारतात, “पाणी का नाही हो?” हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात अब्रू माझी गेली.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आमची अर्थातच शेवटच्या रविवारी होती. शनिवारी रात्री अहवाल, ताळेबंद, थकबाकीदारांची यादी, सगळं कॉम्प्युटरवर तयार होतं. कॉम्प्युटर म्हणजे पुतण्याने नवा घेतल्यावर आमच्याकडे दत्तक दिलेला, तेरा वर्षांचा. मी तो कधी बंद करत नाही, नुसता झोपवतो. त्याच्या कोपऱ्यात चार दिवस एक चिठ्ठी येत होती: अपडेट तयार आहे, रीस्टार्ट करा. मी चार दिवस ‘नंतर’ म्हणत होतो. त्या रात्री मात्र उदार झालो. म्हटलं, घे बाबा करून.

वीस मिनिटांत तीस टक्के झाले. मग पडदा काळा पडला आणि वर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीच्या दोन ओळी उमटल्या. पुढे काही नाही.

“काय झालं?” सौ.ने विचारलं.

“अपडेटने खाल्लं,” मी म्हणालो. निदानाला दहा सेकंदही लागले नाहीत.

संशयाला तसं कारण होतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीची एक सदोष फाइल जगभर पोचली आणि सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ती फाइल काढून टाकायला माणसं एकेका यंत्रापाशी जाऊन बसली होती. शिवाय विंडोजच्या या दुरुस्त्या वाटण्याचा एक ठरलेला वारही आहे. २००३ पासून दर महिन्याचा दुसरा मंगळवार. अमेरिकेत सकाळ असते, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. आपल्याला संकष्टीला जोडून येणारा मंगळवार ठाऊक. हा नुसताच संकटाचा.

पुण्याला पुतण्याला फोन लावला. त्याने पहिलाच प्रश्न अचूक विचारला.

“काका, स्क्रीनवर काय लिहिलंय?”

“एरर लिहिलीये.”

“हो, पण नेमकं काय?”

“काहीतरी डिस्कचं आहे.”

या माझ्या भावानुवादावर पुढचे दोन तास गेले. त्याला वाटलं, हार्डडिस्क गेली. एफ-एट दाबा, सेफ मोडमध्ये जा, बंद करून चालू करा, असं तीनदा करा. तो जे म्हणेल ते मी दाबत होतो. पडदा ढिम्म.

मग तिसऱ्या मजल्यावरचे नाना स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे वायर दिसली की त्यांना माहेर आठवतं. त्यांनी डब्याची बाजू उघडली, रॅमच्या पट्ट्या उपसल्या, माझ्या नातीचं खोडरबर मागून घेतलं आणि पट्ट्यांचे सोनेरी दात घासून परत बसवले. आतून वाटीभर धूळ निघाली. यंत्र पुन्हा त्याच दोन ओळींवर येऊन उभं.

एवढ्यात सौ. चष्मा लावून आली आणि तिने जे केलं ते तोवर आम्हां तिघांपैकी कोणीही केलं नव्हतं. तिने त्या ओळी मोठ्याने वाचल्या.

“रिमूव्ह डिस्क्स ऑर अदर मीडिया. प्रेस एनी की टू रीस्टार्ट.”

“मीडिया?” नाना म्हणाले आणि त्यांनी उठून टीव्हीवरच्या बातम्या बंद केल्या. घरात शांतता झाली, हा फायदा मान्य करायला हवा.

सौ. मात्र धुळीचं फडकं घेऊन कॉम्प्युटरच्या पाठीमागे वाकली होती. “अहो, हे मागे काय लोंबतंय?”

लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह. महिन्यापूर्वी मीच खोचलेला. ‘काका, हिशोबाचा बॅकअप ठेवा’ असं पुतण्यानेच बजावलं होतं, म्हणून. तिने तो उपटला, मी एक कळ दाबली आणि अपडेटचे उरलेले सत्तर टक्के, काही झालंच नव्हतं अशा थाटात, पुढे सरकू लागले.

मग पुतण्याने फोनवर उलगडा केला. यंत्र सुरू होतं तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसतं. चिपमधला एक छोटा प्रोग्राम माधुकरी मागणाऱ्या बटूसारखा ठरलेल्या क्रमाने दारं ठोठावतो. आमच्या यंत्रात पहिलं घर यूएसबीचं होतं, दुसरं हार्डडिस्कचं. पहिल्या घरी पेनड्राइव्ह भेटला. त्याच्याकडे वाढायला काही नव्हतं, आणि बटू असा भाबडा की पुढच्या घरी जाण्याऐवजी तिथेच उंबऱ्यावर उभा राहिला. गंमत म्हणजे त्या दोन ओळीही यंत्राच्या नव्हत्याच. पेनड्राइव्हच्या पहिल्या ५१२ बाइटांत एक चिमुकला प्रोग्राम असतो, त्याने ती पाटी लावली होती: मला काढा आणि कळ दाबा. म्हणजे गुन्हेगार स्वतःच पडद्यावर येऊन पत्त्यासकट कबुलीजबाब देत होता आणि आम्ही रॅमचे दात घासत होतो.

अपडेटचा दोष एवढाच की त्याने यंत्र रीस्टार्ट केलं. मी ते महिनाभर केलं नव्हतं, म्हणून पेनड्राइव्हची भानगड कधी उघडी पडली नाही. ज्याला रात्रभर शिव्या घातल्या तो निर्दोष सुटला. दोषी ठरला तो मी काळजीने ठेवलेला बॅकअप.

दुसऱ्या दिवशी सभा वेळेवर झाली. ताळेबंद मंजूर झाला, गच्चीच्या गळतीवर तासभर भांडण झालं, चहा-सामोसे झाले. दर वर्षी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळच्या विषयांत मी एक निवेदन करतो: सभासद फळ्यावरच्या सूचना वाचत नाहीत, ही खेदाची बाब आहे. यंदा अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या रांगेतून सौ.नेही पाहिलं.

यंदाच्या इतिवृत्तात ते निवेदन नाही.