गुरुजींना काम करू द्या

शिक्षण हक्क कायद्याचे (२००९) कलम २७ म्हणते, शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत. अपवाद फक्त जनगणना, आपत्ती आणि निवडणुका. देशात या तिन्हींचा तुटवडा असल्याने उरलेल्या वेळेचीही सोय शासनाने लावली, हे स्तुत्यच. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी तांदूळ मोजतात, खिचडीची चव घेऊन वहीत नोंदवतात आणि पोर्टलवर माहिती भरायला रेंज शोधत टाकीवर चढतात. या सुरळीत कारभारात अडथळा एकच, वर्गातली मुले. ती मध्येच भागाकार विचारतात. तेव्हा मुलांना घरीच ठेवून केवळ त्यांची माहिती शाळेत बोलवावी, अशी नम्र शिफारस. आधार जुळले की पास. खिचडी कोण खाणार, एवढेच राहते. त्यासाठी एक पोर्टल काढता येईल.