दुर्मीळ कलाग्रंथ : संग्रहेच्छूंसाठी सूचना

भारतीय चित्र-शिल्पांवरचे जुने ग्रंथ जमवायचं ठरवलंत, अभिनंदन. आधी एक गैरसमज काढून टाका. या छंदाचा चित्रं पाहण्याशी फारसा संबंध नाही. ज्यांना चित्रं पाहायची असतात ते सोमवार सोडून कोणत्याही दिवशी जळगावहून एसटी धरतात, अजिंठा बघतात आणि संध्याकाळी परत येतात. तुम्हाला अजिंठा कपाटात हवा आहे, आणि तोही पहिल्या आवृत्तीचा.

सुरुवात अर्थातच ग्रिफिथ्सपासून. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या या साहेबाने 1872पासून 1885पर्यंत पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी घेऊन लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करवल्या. त्या लंडनला गेल्या आणि 1885च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. त्याआधी मेजर रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं लेण्यांत राबून केलेल्या नकलाही लंडनलाच गेल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक 1866 साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. या दोन आगींविषयी चारचौघांत हळहळ जरूर व्यक्त करावी, पण बेताने. नकला जळाल्या म्हणून तर 1896-97मध्ये निघालेल्या ग्रिफिथ्सच्या दोन खंडांना एवढा भाव आहे.

ते परवडणार नाहीत. मग 1915चा लेडी हेरिंगहॅमचा ग्रंथ बघा. त्यासाठी नकला करायला तरुण नंदलाल बोस लेण्यांत गेले होते. तोही परवडणार नाही. तिसरा पर्याय याझदानींचा. निजाम सरकारच्या या प्रकल्पाचा पहिला भाग 1930 साली निघाला आणि चौथा 1955 साली. मधल्या काळात निजामाचं राज्यच खालसा झालं, तरी ग्रंथ पुरा झाला, ही गोष्ट सरकारी कामांच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहायला हवी. शिवाय प्रत्येक भागाचा मजकूर वेगळा, प्लेटा वेगळ्या. त्यामुळे बाजारात जो संच 'कम्प्लीट आहे साहेब' म्हणून दाखवला जातो, त्यात काहीतरी नसतंच. काय नाही ते घरी आल्यावर कळतं. खिसा अगदीच हलका असेल तर औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं 1932चं अजिंठ्यावरचं पुस्तक शोधा. सूर्यनमस्कार आणि चित्रकला दोन्ही मनापासून करणारा दुसरा राजा माझ्या तरी ऐकिवात नाही.

शोधायचं कुठे? मुंबईत फ्लोरा फाउंटनचा फूटपाथ, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. हवं ते पुस्तक दिसलं की त्याच्याकडे अजिबात बघू नका. शेजारचं वास्तुशास्त्राचं पुस्तक उचला, त्याचा भाव विचारा, महाग आहे म्हणून कुरकुरा आणि जाता जाता, 'हे थोराड काय आहे?' असं विचारा. ही युक्ती पूर्वी चालायची. आता विक्रेता तुमच्यादेखत मोबाइल काढतो, लंडनमधला भाव बघतो आणि तुमच्याकडे दयेने पाहतो.

विकत घेण्याआधी प्लेटा मोजा. मोजाच. चित्रं ब्लेडने कापून फ्रेम करून विकली, तर एका ग्रंथाचे दहा ग्रंथांइतके पैसे होतात, हे कुणीतरी तुमच्याआधी ओळखलेलं असतं. उरतो तो मजकूर, चित्रांवरचे बटर पेपर आणि चित्रसूची. ती वाचताना फार यातना होतात. ग्रंथालयाचा शिक्का दिसला तर त्याच्याजवळ 'रद्द' असा दुसरा शिक्काही शोधा. तो नसेल तर पुस्तक कुणाच्या तरी पिशवीतून बाहेर पडलेलं आहे आणि आता तुमच्या पिशवीत येऊ पाहत आहे.

पुनर्मुद्रणांपासून लांब राहा. कुमारस्वामींचा 1916चा 'राजपूत पेंटिंग' पुढे दिल्लीत पुन्हा छापला गेला. मजकूर तोच, किंमत माफक, आणि मांडीवर घेऊन वाचता येतो. संग्राहकाला न शोभणारे एवढे दुर्गुण एका पुस्तकात सहसा सापडत नाहीत. (वाचायला एक प्रत लपवून ठेवायला हरकत नाही.)

घरी आणल्यावर थोरला ग्रंथ आडवा ठेवावा. उभा ठेवला तर आपल्याच वजनाने बांधणीतून सुटतो. आडवी मोठी जागा घरात एकच असते, ती म्हणजे दिवाणाच्या आतली, आणि तिथे गाद्या असतात. गाद्यांचं काय करायचं हा प्रश्न या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. पावसाळ्यात कसर बघत चला. वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवा. पाने उलटताना हातमोजे नकोत, स्वच्छ धुतलेले कोरडे हात बरे, असं जतन करणारे जाणकार सांगतात. खरं आहे. पण पांढऱ्या हातमोज्यांचा पाहुण्यांवर जो वचक बसतो, तो धुतलेल्या हातांचा बसत नाही. पाहुणे असतील तेव्हा हातमोजे घाला.

शेवटी किमतीचा मुद्दा. प्रत्येक ग्रंथाच्या दोन किमती असतात : दिलेली आणि घरी सांगितलेली. दिलेली किंमत आतल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवणं अत्यावश्यक आहे, नाहीतर तुमच्या पश्चात मुलं सगळा संग्रह किलोवर देतील. आर्ट पेपर वजनाला चांगला भरतो. पण लिहून ठेवली तर ती आजच वाचली जाईल. यावर उपाय एकच : मोडी शिका आणि किंमत मोडीत लिहा. घरात कुणाला वाचता येणार नाही. पुढे कधीतरी मुलांना ती अक्षरं दिसतील, काहीतरी ऐतिहासिक दस्तऐवज आहे असं वाटून ती ग्रंथ घेऊन सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जातील, आणि तिथला एखादा अभ्यासक चष्मा पुसून वाचून दाखवेल : 'दिले अठरा हजार, घरी सांगितले चारशे.'