पिठाची विरी

माझ्या उजव्या तर्जनीला २२ वर्षं ओल्या स्पंजची सवय होती. बँकेच्या कॅश काउंटरवर खरं तर माणूस बसत नाही, बोट बसतं. बाकीचा देह सोबतीला. १०० नोटांचं पाकीट, १० पाकिटांचं बंडल आणि समोरच्याला दिवसभर एकच मंत्र, "सुटे द्या." संध्याकाळी कॅश जुळली की जग सुरळीत. दहा रुपयांचा फरक निघाला, तर रात्री आमटी अळणी.

२००१ साली आमच्याकडे व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना, आली. १५ वर्षं नोकरी किंवा वयाची चाळिशी, एवढी अट. देशभरातल्या सरकारी बँकांतून तेव्हा सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली. त्यांतली बरीचशी विचार करून पडली असावीत. मी पडलो तो शेजारच्या काउंटरवरचा पडला म्हणून. शिवाय नोटा मोजणारं यंत्र आलं होतं. ते माझ्यापेक्षा भरभर मोजायचं आणि चहाला उठायचं नाही.

घरी सांगताना मी डॉ. श्रीराम लागूंना पुढे केलं. घशाचे सर्जन, पण १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झाले. अमोल पालेकर तर बँकेतच होते!

"त्यांना अभिनय येत होता," ही म्हणाली. "तुम्हाला काय येतं?"

मला भाकरी खाता येत होती. म्हणून पोळीभाजी केंद्र काढलं. पोळ्यांना बायका मिळाल्या, भाकरीला मिळेनात. शेवटी सोलापूरकडच्या एक मावशी आल्या. मावशी म्हणायचं इतकंच, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आठवडाभर त्यांनी मला गल्ल्यावर बसलेलं पाहिलं आणि म्हणाल्या, "साहेब, पिठाला हात लावा की."

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. तळव्याने रगडून रगडून तो आणावा लागतो. मावशी थापायला लागल्या की भाकरी परातीत आपोआप गरगर फिरे. माझी जागची हलत नसे. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर पाण्याचा हात, आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. सुकायच्या आत म्हणजे किती सेकंदांत, असं मी विचारलं. लिहून घ्यायला वही काढली होती.

"ते भाकरीला विचारा," मावशी म्हणाल्या.

माझी पहिली भाकरी त्यांनी उचलली, दोन्ही बाजूंनी न्याहाळली, मी संशयित नोट धरायचो तशी उजेडाला धरली आणि काही न बोलता बाजूला ठेवली. बावीस वर्षांत मला न येणारं काही समोरच आलं नव्हतं. त्याला मी हुशारी समजत होतो.

एकदा कडा फारच चिरायला लागल्या, तेव्हा मावशी म्हणाल्या, "जुनं झालं की विरी जाते." विरी म्हणजे चिकटपणा; त्या पिठाबद्दल बोलत होत्या. मी उगाचच दुखावलो. मग त्यांनी त्याच पिठात आधणाचं पाणी ओतलं, जरा झाकून ठेवलं, आणि गोळा मुकाट वळला.

आता रोज साठेक भाकऱ्या होतात. पाण्याचा हात फिरवताना तर्जनी अजून सगळ्यांच्या पुढे असते. दोन-तीन चिरतात, त्या आम्ही घरी खातो. केंद्र ११ ते २ उघडं असतं. या कधीतरी. येताना सुटे तेवढे आणा.