घड्याळी तासिका

आमच्या भाईंदरच्या इमारतीत सगळे ज्यांना 'सर' म्हणतात, ते वयाने माझ्या मुलाएवढे. एम.ए., नेट, वर सेटही. मुंबईतल्या एका महाविद्यालयात शिकवतात. पहाटे निघतात आणि आधी उलटे विरारला जातात, कारण विरारहून भरून आलेली लोकल भाईंदरला थांबते, पण आत घेत नाही. रिटर्न मारून मिळवलेल्या जागेवर बसून सर पुन्हा भाईंदरवरून जातात, तेव्हा आमच्या गच्चीवर त्यांनी काल वाळत घातलेला टॉवेल त्यांना खिडकीतून दिसतो. जाऊन-येऊन चार तास, शिकवायची तासिका एक. पैसे एकीचे.

सरकारी भाषेत सर 'घड्याळी तासिका तत्त्वावर' आहेत. त्यात 'तत्त्व' हा शब्द ज्याने घातला, त्याला माझं लोटांगण. पगार नाही, भरपगारी रजा नाही, मे महिन्यात मानधनसुद्धा नाही. तत्त्व मात्र शाबूत आहे.

तसं मुंबई विद्यापीठाचं घड्याळाशी नातं जुनंच. विद्यापीठ 1857 चं. पुढे शेठ प्रेमचंद रायचंद यांनी 2 लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आईचं नाव द्यायला सांगितलं. 1878 साली राजाबाई टॉवर पुरा झाला. राजाबाईंना दिसत नसे. जैन रीतीप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं, तर टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून हे घड्याळ, अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी देव जाणे. पण म्हातारीला वेळेवर दोन घास मिळावेत म्हणून घड्याळ बांधणारं हे शहर! आता घड्याळ लावून शिकवणाऱ्या सरांचं जुलैचं मानधन दिवाळीला येतं की होळीला, हे कुठलेच टोले सांगत नाहीत.

'कायम' हा शब्द आमच्या उच्च शिक्षणात अगदीच नाही असं नव्हे. 2001 पासून नवी महाविद्यालयं 'कायम विनाअनुदानित' झाली, तिथे तो ऐटीत बसला आहे. प्राध्यापक तात्पुरते, प्राचार्य प्रभारी, पंखे नादुरुस्त. अनुदान न देणं तेवढं सेवेत कायम. त्याला निवृत्तीचं वयही नाही.

यंत्रावर मात्र विद्यापीठाचा भरवसा दांडगा. 2017 साली लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या ठरल्या. निकाल लागेनात. राज्यपालांनी 31 जुलैची मुदत घातली, तीही टळली. शेवटी ऑक्टोबरात राज्यपालांनीच एक निकाल लावला, तो कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांचा. त्यांना पद सोडावं लागलं. चारच वर्षांनी, 2021 मध्ये, नॅकने विद्यापीठाला 4 पैकी 3.65 गुण आणि अ++ दर्जा दिला. मी पेढे आणले. सरांनी दोन घेतले आणि म्हणाले, "काका, हे मानधनातून कापू नका."

मीरा-भाईंदरला 2002 मध्ये महापालिका मिळाली, नंतर मेट्रोचे खांबही मिळाले. विद्यापीठासाठी मात्र आम्ही अजून गाडी पकडतो. ठाण्याला बाळकुममध्ये उपकेंद्र आहे म्हणे. नकाशावर ते आम्हाला विद्यापीठाच्या कलिना संकुलाहून जवळ दिसतं. मधे घोडबंदर रस्ता आहे आणि त्यावर गायमुखचा घाट आहे, हे नकाशाला कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या रविवारी सोसायटीची बैठक होती. थकबाकीदारांच्या यादीत सरांचं नाव वरून दुसरं. सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं. सर उठून उभे राहिले, वर्गात राहतात तसे.

"मेंटेनन्स भरायला माझी ना नाही," ते म्हणाले, "फक्त तो तासिका तत्त्वावर घ्या. जेवढे तास घरात असतो, तेवढ्यांचाच."

सेक्रेटरींनी वहीत लिहून घेतलं. विषय पुढच्या सभेवर गेला आहे.