खर्ड्याचे संवाद

सिनेमातल्या लढाईत माणसं मरतात, पण वाक्य पुरं करून मरतात. छातीत बाण घुसलेला सरदार आधी घोड्यावरून नीट उतरतो, मित्राच्या मांडीवर डोकं टेकतो, प्रेयसीला निरोप धाडतो, मग मुलुखाला धाडतो आणि तेवढा वेळ शत्रूही शहाण्यासारखा ताटकळत उभा राहतो. आपल्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. उलट ती वाक्यं पाठ होतात आणि पुढे वर्षानुवर्षं घरात वापरली जातात. भाजीत मीठ जास्त पडलं की कुणीतरी पृथ्वीराज कपूरच्या घशातून दरबार भरवतंच.

‘मुघल-ए-आझम’चे संवाद चार लेखकांनी लिहिले होते. १९६० साली तो मुंबईत लागला मराठा मंदिरात. अकबराच्या घरातलं भांडण ऐकायला मराठा मंदिराबाहेर रांगा लागाव्यात, ही गंमत त्या चौघांनाही सुचली नसती. पुढे २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ आला. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वरून निघालेला. त्यात आमच्या पेशव्यांनी प्रेम हिंदीत केलं, लढाया हिंदीत मारल्या आणि घरच्यांची बोलणीही हिंदीतच खाल्ली. तक्रार नाही. टाळ्या मीही वाजवल्या.

पण जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला गेलं की वाटतं, कॅमेरा घेऊन इकडे कुणी का फिरकत नाही? निंबाळकरांचा भुईकोट किल्ला आहे, उंच दरवाजा आहे, भक्कम तट आहे. २०२१ च्या दसऱ्याला किल्ल्यापाशी ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वजही उभा राहिला, म्हणजे नेपथ्याचा खर्च वाचला. आणि संवाद? ते तर १७९५ साली इथे झालेल्या मराठे-निजाम लढाईपासून तयार आहेत.

पहिला संवाद खलनायकाचा. निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क. थकलेल्या चौथाईचा तगादा घेऊन पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे हैदराबादच्या दरबारात होते. मुशीर म्हणाला, हिशेब समजवायला नाना फडणवीसांनी स्वतः यावं. काळ्यांनी शांतपणे सांगितलं की नानांना कामं फार, ते कसे येतील? त्यावर मुशीर उसळला: कसे येतील ते मी दाखवतो! पुढे तर त्याच्या मुखातून अशीही गर्जना निघाली की पेशव्याला कमरेला पंचा गुंडाळून, हातात तांब्या देऊन काशीला जप करायला बसवीन. जेम्स ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात हे सगळं नोंदवून ठेवलं आहे. खलनायकाला याहून चांगलं वाक्य कुठला पगारी लेखक देणार!

११ मार्चला गाठ पडली. इकडे शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन, सगळे एका झेंड्याखाली. असा योग पुन्हा आला नाही. तिकडे रेमाँ या फ्रेंचाच्या कवायती पलटणी. आणि खुद्द निजामअलींचा जनानाही हत्तींवर. त्या फौजेत बायकांचीही बंदूकधारी पलटण होती, जफर पलटण नावाची. म्हणजे बाईमाणूस अंबारीतही होतं आणि आघाडीवरही.

रेमाँ नेटाने लढत होता. पण तोफा जवळ धडधडू लागल्या तशी निजामअलींची लाडकी बक्षी बेगम घाबरली. तिचा संवाद या सिनेमातला सर्वांत भारी. तिने नवऱ्याला बजावलं की आत्ताच्या आत्ता मला तोफांच्या टप्प्याबाहेर न्या, नाहीतर पडदा सोडून सगळ्या फौजेसमोर येऊन उभी राहते. साठी उलटलेले निजामअली मुकाट्याने मागे फिरले, आणि रेमाँलाही मागे येण्याचा हुकूम गेला. डफ हे जरा नाक मुरडून सांगतो. मला मात्र निजामअलींबद्दल माया वाटते. लढाई ऐन रंगात असताना घरच्या माणसाचं ऐकणारा दुसरा सेनापती दाखवा!

त्या रात्रीचा प्रसंग तर विनोदी नटाच्या वाट्याचा. घोड्यांना पाणी दाखवायला मराठ्यांची छोटी टोळी ओढ्यावर गेली. तिथे निजामाचे शिपाई होते, त्यांनी गोळ्या झाडल्या. ते ऐकून पहारेकऱ्यांनी झाडल्या, ते ऐकून अख्ख्या रांगेने. छावणीत हाहाकार उडाला आणि निजामअली खर्ड्याच्या कोटात शिरले. मराठ्यांनी कोटाला वेढा घातला, तह झाला. दौलताबाद, मुलूख, सुमारे तीन कोटींची कबुली, आणि वर मुशीर स्वतः कैदेत. पेशव्याला काशीला धाडणारा पुण्याला निघाला.

आता नायकाचं वाक्य हवं. सवाई माधवराव, वय वर्षं वीस, विजयी छावणीत खिन्न बसलेले. नानांनी कारण विचारलं. उत्तर असं की निजामाच्या लोकांनी लाजिरवाणी शरणागती पत्करली आणि आपली माणसं न लढता मिळालेल्या जयाच्या बढाया मारताहेत. दोन्हीकडे अशी उतरती कळा पाहून वाईट वाटतं. विजयाच्या दिवशी हे बोलायचं! पार्श्वसंगीतवाल्याने ढोल वाजवायचे की सारंगी?

आणि दुसरा भाग काढायचीही सोय नाही. त्याच ऑक्टोबरात पेशवे शनिवारवाड्यात पडून गेले. वारसाच्या भांडणात नाना महाडला जाऊन बसले. निजामाची मदत हवी म्हणून १७९६ मध्ये महाडचा तह झाला, आणि खर्ड्याला मिळवलेलं बहुतेक सगळं परत गेलं. मुशीर सुटला, हैदराबादेत पुन्हा दिवाण झाला. हे ऐकून कुठलाही निर्माता विचारील, मग जिंकलं कोण? आणि पटकथा मिटवून पानिपतावर सिनेमा काढील. तिथे निदान हरलो एवढं तरी नक्की आहे.